जेलिग्नाइटच्या खोक्यांतली माणसं

कालगुर्लीच्या विमानतळावर मृणाल मला घ्यायला आली होती. मिठी मारणं, हातातली बॅग ओढून घेणं, "ताई, किती वाळलीस गं" हे सगळं रीतसर झालं, पण मी आलेलं तिला नको होतं हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मीही आडून आडून बोलणाऱ्यांतली नाही. गाडीत बसता बसता विचारलं, "सकाळी कधी निघायचं?"

"बघू गं. आधी घरी तर चल. वरण-भात लावलाय."

"बघू नाही, मृणाल. उद्या तिथे भिंत बांधतायत."

"माहितीये मला," ती म्हणाली आणि तिने रेडिओ लावला.

मृणाल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, अजितची बायको. इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. अजित सोन्याच्या खाणीत इंजिनियर होता. खाणीच्या भिंती आणि छतं ढासळू नयेत म्हणून खडकावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. मागच्या वर्षी तो घरातच, जेवायला बसलेला असताना, हार्ट अटॅकने गेला. मी सिडनीला क्वेकर्स हिलमध्ये राहते आणि ब्लॅकटाउनच्या एका फार्मसीत काम करते. म्हणजे त्याच देशात असून मला पोचायला दोन विमानं लागली. साताऱ्याला असलेल्या बाबांना तर येताच आलं नाही. आदल्याच आठवड्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून फोनवर त्यांचं एकच असे: "सावडायला मी नव्हतो. निदान नदीत सोडायला तरी माझ्या हातात दे त्याला."

त्या अस्थी न्यायला मी आले होते आणि त्या घरी नव्हत्या. सिडनीच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर मृणालला सांगितलं होतं की अस्थी घरात ठेवायच्या नसतात. मातीच्या मडक्यात घालून, फडकं बांधून बाहेर झाडाला टांगायच्या, जमिनीला लागू द्यायच्या नाहीत. कालगुर्लीत क्वार्टरच्या मागे झाड म्हणजे गुडघ्याएवढं लिंबाचं रोप. नदी तर दिवसभर गाडी हाकली तरी दिसायची नाही. तेव्हा मृणालने ते मडकं नेऊन टांगलं ते थेट एका हाडांच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनाघरात), तिथल्या तुळईला. "तात्पुरतं," ती म्हणाली होती. त्यानंतर मी दर महिन्याला विचारायचे आणि ती दर महिन्याला पुढचा महिना सांगायची. चॅपेलच्या भिंतीला भेग पडलीये, हाडांचा कोनाडा कायमचा विटांनी बुजवणार आहेत, हे तिला कधीचं माहीत होतं. मला सांगितलं ते अगदी शेवटच्या आठवड्यात.

जेवताना बाबांचा कॉल आला. स्क्रीनवर त्यांचं अर्धंच कपाळ दिसत होतं.

"मिळाला का?"

"उद्या, बाबा."

"नक्की ना? मी गुरुजींना शब्द दिलाय." मग मृणालकडे वळून, म्हणजे फोनमध्ये आणखी वाकून, "मुली, जेवलीस का गं?"

मृणाल "हो बाबा" म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

सकाळी मी उजाडता उजाडता तयार होऊन बसले. मृणालने मात्र मशीन लावलं, कपडे वाळत घातले, लिंबाला पाणी घातलं, मग तिला आठवलं की रस्त्यात शाकाहारी काही मिळत नाही, म्हणून तिखट-मिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या. मी पुऱ्या लाटून दिल्या, दुसरं काय करणार? पुऱ्या स्टीलच्या कडीच्या डब्यात भरून आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

गावाबाहेर पडताना ती प्रसिद्ध उघडी खाण लागते. जमिनीला पडलेलं भगदाड एवढं मोठं की तळातले प्रचंड ट्रक लहान पोरांच्या खेळण्यांसारखे दिसतात. "दाखवू का? पाच मिनिटं," मृणाल म्हणाली. मी नको म्हटलं. मग उत्तरेकडचा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना लाल माती, करड्या रंगाची खुरटी झुडपं, मधूनच एखादं तांबूस खोडाचं उंच झाड, रस्त्याकडेला मेलेली कांगारू. समोरून रोड ट्रेन (एकामागे एक तीन-चार डबे जोडलेला अजस्र ट्रक) आली की आमची गाडी वाऱ्याने बाजूला सरके. एका ठिकाणी मैलोन् मैल पांढरंशुभ्र तळं दिसलं. मला वाटलं, पाणी. ते मीठ होतं.

या रस्त्यावर एकच रोडहाउस (पेट्रोलपंप, दुकान आणि खाणावळ एकत्र) आहे. मृणालने तिथे गाडी लावली, कॉफी घेतली आणि ती संपल्यावर दुसरी मागवली.

"मेव्ह थांबणारे का आपल्यासाठी?" मी विचारलं. मेव्ह म्हणजे चॅपेलची किल्ली जिच्याकडे असते ती बाई, एवढं मला ठाऊक होतं.

"मी मेसेज टाकलाय. तिथे रेंज नसते पण."

"मग गवंड्याला थांबवणार कोण?"

"ताई, तुला त्या जागेची स्टोरी माहितीये का नीट?" असं म्हणून तिने सुरुवात केली आणि मला कळेना, ऐकत बसू की हिला हाताला धरून उठवू. कारण ती सांगत होती ते ऐकण्यासारखंच होतं.

शंभरावर वर्षं झाली. त्या गावाच्या खाणीत एका बाजूने पाणी फुटलं. ज्यांना वर येता आलं ते आले, बाकीचे खाली राहिले. कंपनीने तो शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) बंद केला आणि दुसरीकडे खणायला लागली. पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या कंपनीने सोन्याच्या आशेने तेच पाणी उपसलं, तेव्हा सगळे एकाच जागी सापडले. पाणी चढत गेलं तसे सगळे त्यातल्या त्यात उंच जागेवर येऊन बसले असणार. इतक्या वर्षांत कोणतं हाड कोणाचं, हे काही उरलं नव्हतं.

"वर आणल्यावर भांडण झालं," मृणाल म्हणाली. "कारण स्मशानात तेव्हा वाटण्या होत्या. कॅथलिकांची जागा वेगळी, अँग्लिकनांची वेगळी, मेथडिस्टांची वेगळी. मेलेल्यांत इटालियन होते, कॉर्नवॉलचे होते, कुठले कुठले होते. प्रत्येकाचा पाद्री आला आणि म्हणाला, आमचे आम्हाला द्या. देणार कसे? महिनोन् महिने हाडं कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून."

"मग?"

"मग बायका शेडमध्ये शिरल्या. त्यांच्या बायका, आया, मोठ्या झालेल्या मुली. सुरुंगाला जेलिग्नाइट लागायचं ना, त्याची रिकामी लाकडी खोकी त्यांनी कंपनीकडून मागून घेतली. हाडं धुतली, पुसली आणि एकेकीने एकेक खोकं भरलं. आपल्या माणसाचं समजून. आणि मग सगळ्या स्मशानांच्या कुंपणाबाहेर एक दगडी खोली बांधून त्यात ठेवली. बिशप म्हणाला याला चॅपेल म्हणता येणार नाही. लोक म्हणत राहिले."

"त्यात आपला कुणी नव्हता?"

"आपल्याकडच्या माणसांना तेव्हा इथल्या खाणीत उतरूच द्यायचे नाहीत, मेव्ह सांगते. अजितला याचं फार हसू यायचं. म्हणायचा, आता बघा, तुमचं छत पडू नये म्हणून साताऱ्याहून माणूस आणावा लागला."

अजित सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या चॅपेलच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून येत असे. पट्टी तडकली की समजायचं, भेग वाढतेय. त्याने लावलेली शेवटची पट्टी तो गेल्यावर तडकली, आणि तेव्हाच कोनाडा बुजवायचं ठरलं. हे सांगताना मृणालचा कप रिकामा होऊनही ती तो तोंडाला लावत होती. मी उठले आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि थोड्या वेळात मागचं चाक बसलं. बाहेर उतरले तर उन्हाने डोकं बधिर होतंय आणि माशा नाकातोंडात शिरतायत. मृणाल जॅक लावून बसली. एक नट काढून जमिनीवर ठेवायची, हात पुसायची, पाणी प्यायची, मग दुसरा. हॉस्पिटलात भराभर टाके घालणारी बाई ही. माझा संयम सुटला.

"मृणाल, तुला पोचायचंच नाहीये का?"

तिने पाना खाली ठेवला. "नाही. नाही पोचायचं मला."

"अगं, पण..."

"ताई, ऐक. मला ऑफ असला ना, की मी तिथे जाते. बाकावर बसते, डबा खाते. वर तो टांगलेला असतो. हॉस्पिटलात कोण काय बोललं ते सांगते त्याला. माझ्या आईला सांगितलं नाही, ती म्हणेल वेड लागलं पोरीला. तू नेलंस की संपलं. मग मी सुट्टीच्या दिवशी कुठे जाऊ, सांग ना?"

मला तिची भयंकर दया आली आणि तितकाच रागही आला. माझा भाऊ होता तो. त्याला पाठीवर घेऊन मी शाळेचा ओढा ओलांडलाय. आणि साताऱ्याला एक म्हातारा माणूस वॉकर धरून गॅलरीत चालायची प्रॅक्टिस करतोय, घाटाच्या पायऱ्या उतरता याव्यात म्हणून. हे मी बोलले, जरा जास्तच मोठ्याने. त्या ओसाड माळावर ऐकायला कोणी नव्हतंच.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर तुला ये म्हटलं."

मी पाना उचलला आणि उरलेले नट मीच काढले.

गाव असं आता उरलेलंच नाही. एक मोडकं हॉटेल, दोन उंच धुराडी, कुंपण घातलेलं स्मशान आणि त्याच्या बाहेर एकटी पत्र्याच्या छपराची दगडी खोली. दारात एक यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) उभी होती आणि हौद्यात सिमेंटची पोती. ती बघून मी गाडी थांबायच्या आधीच दार उघडलं.

आत शिरलो तर समोरच्या कोनाड्यापुढे विटांची भिंत कमरेपर्यंत आलेली. चड्डी घातलेला एक धिप्पाड गवंडी थापीने पुढच्या थराला माल लावत होता. बाजूला सत्तरीची, वाळक्या अंगाची, मोठी टोपी घातलेली बाई उभी. तीच मेव्ह. तिच्या आजीने यातलं एक खोकं भरलं होतं.

"डॉक! मला वाटलं तू येतच नाहीस," ती म्हणाली. "याला परत आर्वोला (दुपारनंतर) दुसरं काम आहे. मी किती थांबवणार?"

"सॉरी मेव्ह. पंक्चर."

"नो वरीज. तुझं आहे तिथेच आहे. मी हात लावलेला नाही."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. युरोपात म्हणे कवट्यांच्या कमानी असतात, हाडांची झुंबरं असतात. इथे तसलं काही नव्हतं. कोनाड्यात लाकडी खोकी एकावर एक रचलेली, सगळ्यांत वरच्या ओळीवर झाकणाऐवजी तारेची जाळी. जाळीतून हाडं दिसत होती, पितळी भांड्यावर चहाचे डाग बसावेत तशी तपकिरी. खोक्यांवर स्फोटकांपासून सावध राहण्याची सूचना अजून वाचता येत होती. आणि त्यांच्या वर, तुळईला सुतळीने बांधलेलं, तोंडाला लाल फडकं गुंडाळलेलं आमचं मडकं. ते पाहिल्यावर मला रडूच फुटलं. सिडनीपासून धरून ठेवलेलं सगळं तिथे बाहेर आलं. गवंड्याने थापी खाली ठेवली आणि टोपी काढली.

मग स्टुल आणलं, ओल्या विटांना धक्का न लावता मी पलीकडे गेले, स्टुलावर चढले आणि सुतळी सोडली. मडकं हातात आलं आणि मी दचकले. ते हलकं होतं, अगदी रिकाम्या मडक्याइतकं हलकं.

"मृणाल," मी म्हटलं, "यात काही नाहीये."

"काय?"

"काही नाहीये यात!"

माझा पहिला संशय मेव्हवर गेला, हे सांगून टाकते. तिचा चेहरा मात्र माझ्याहून पांढरा पडला होता. मृणाल भिंतीवरून वाकली, मडकं माझ्या हातून घेतलं, फडकं सोडलं. आत तळाला आणि कडांना चिकटलेली मूठभर राख. तिने मडकं उलटं केलं आणि डोळे मिटून घेतले.

बुडाला भोक होतं. कालगुर्लीत मडकं कुठून मिळणार? तिने बागेच्या सामानाच्या दुकानातून मातीची कुंडी आणली होती. कुंडी म्हटली की पाणी निचरायला भोक असणारच. त्या दिवशी घरात पोळ्यांची कणीक मळलेली होती. आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या हाताला सुचेल तेच तिने केलं, कणकेचा गोळा थापून भोक बुजवलं. वाळली की दगडासारखी होते ती. पण मुंग्यांना त्याचं काय? कणकेचा मागमूस उरला नव्हता आणि तुळईवरून सुतळीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग अजून चालू होती.

आम्ही सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. कुंडीच्या बरोबर खाली जे खोकं होतं, त्यातली तपकिरी हाडं वरून पांढुरकी झाली होती, जाळीतून पीठ चाळावं तशी. कित्येक महिने तो थोडा थोडा त्या खोक्यात पडत होता. मृणाल खाली बसून त्याच्याशी बोलत होती तेव्हाही.

"पीठ" हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. इकडच्या क्रिमेटोरियममध्ये सावडणं नसतं. भट्टीतून निघालेली हाडं यंत्रात दळतात आणि प्लॅस्टिकच्या डब्यात बारीक भुकटी देतात. बाबांना हे मी सांगितलं होतं. त्यांना ते काही केल्या पटत नव्हतं. "एकही हाड ठेवलं नाही? माणसाचं एक हाड ठेवू नये?" आता ती भुकटीही परक्या माणसांच्या हाडांत मिसळली होती आणि आमच्या समोर माल सुकत होता.

गवंडी हळूच म्हणाला, "मेव्ह, या उन्हात माल तासभरसुद्धा टिकणार नाही."

"नवा कालव," मेव्ह म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "जाळी काढते. पण एक सांगते, डॉक. हाड एकही बाहेर जाणार नाही. माझ्या आजीने शब्द दिलाय बाकीच्या बायकांना. धूळ न्या. हाड इथेच राहील."

ज्या मृणालने सकाळपासून मला रडकुंडीला आणलं होतं, तिने त्या क्षणी बाह्या सरसावल्या. "ताई, डबा आण."

"कुठला डबा?"

"पुऱ्यांचा. धुऊन आण. लवकर."

पुऱ्या गवंड्याला दिल्या, डबा टाकीच्या पाण्याने धुतला, ओढणीने कोरडा केला. मेव्हने जाळीचे स्क्रू काढले. खोक्यापुढे मी माझी ओढणी पसरली. मग मृणालने एकेक हाड दोन्ही हातांनी उचलायचं, ओढणीवर धरून हळूच झटकायचं, तळहाताने पुसायचं आणि माझ्या हातात द्यायचं. मी ते मेव्हच्या टॉवेलवर ओळीने मांडायचं. मांडीचं, फासळ्यांचं, मणके, जबड्याचा तुकडा. आयुष्यात मी स्मशानाचं फाटक ओलांडलेलं नाही. आमच्या घरात बायका जात नाहीत. पहिलं हाड मी दोन बोटांनी, अंगापासून दूर धरलं. नंतर मीही ती हाडं, अंघोळीनंतर पोर पुसावं तशी, पुसत होते.

गवंडी बाहेर नवा माल कालवत होता त्याचा आवाज येत होता. मेव्ह प्रत्येक हाडावर डोळा ठेवून होती.

"ताई," मृणाल मान वर न करता म्हणाली, "हे सावडणंच झालं की गं."

मी म्हटलं, "हो."

ओढणीवरचं आणि खोक्याच्या तळाशी जेवढं मिळालं तेवढं तिने बोटांनी डब्यात गोळा केलं. लाल माती, लाकडाचा भुसा, राख, सगळं एकत्र. फटीत गेलेलं राहू दिलं. मग आम्ही दोघींनी हाडं पुन्हा भरली, मेव्हने सांगितलं तशी, मोठी खाली आणि लहान वर. जाळी बसली. मृणालने खोक्याला हात लावून नमस्कार केला. मेव्हने छातीवर क्रूस केला आणि मग कुणी न सांगता हातही जोडले.

भिंत पूर्ण होईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. शेवटची वीट बसली तशी मृणाल उठली. "चल," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर रोडहाउस आलं, गेलं, तिने वेग कमी केला नाही. कालगुर्लीच्या जवळ रेंज आल्यावर तिने हॉस्पिटलला फोन लावून रजा मागितली. माझ्याबरोबर साताऱ्याला येण्यासाठी. मी विचारलंही नव्हतं.

पर्थच्या विमानतळावर स्कॅनरमधून डबा गेला तेव्हा मशीन थांबलं. "हे काय?" तिथल्या तरुण मुलीने विचारलं. मृणालने क्रिमेटोरियमचा दाखला पुढे केला आणि म्हणाली, "माय हजबंड." मुलीने डबा दोन्ही हातांनी उचलून परत दिला. विमानात तो आळीपाळीने आमच्या मांडीवर होता. जमिनीला लावला नाही.

त्या डब्यात अजित किती आणि बाकीचे किती, हा विचार मला पूर्ण प्रवासभर पोखरत होता. बाबांना सांगायचं का? त्यांच्या तोंडावर खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती आणि खरं सांगायची त्याहून नव्हती. मी मृणालला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनी विचारलं तर मी बघते."

संगम माहुलीला, कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे, बाबा वॉकर वर ठेवून माझ्या खांद्याच्या आधाराने सगळ्या पायऱ्या उतरले. गुरुजींचे मंत्र झाले. बाबांनी डब्याची कडी काढली.

"हे लाल कसं?"

"तिकडची माती लाल आहे, बाबा," मृणाल म्हणाली.

त्यांनी आत हात घातला आणि तांदळातला खडा शोधावा तशी बोटं फिरवत राहिले. गुरुजी घाईत होते, पण थांबले. मग बाबांचा हात थांबला. त्यांनी दोन बोटांत धरून काहीतरी बाहेर काढलं. चिंचोक्याएवढं, तपकिरी, गुळगुळीत. मेव्ह एवढी डोळ्यांत तेल घालून बसली होती, आम्ही एवढं निवडलं होतं, तरी हे सुटलं होतं. यंत्राने दळलेल्या राखेत असं हाड असूच शकत नाही हे मला समजत होतं. मृणालला तर माझ्याहून जास्त समजत होतं.

बाबांनी ते चष्म्याजवळ नेलं.

"मृणाल, तू डॉक्टर आहेस. हे बोटाचं ना गं?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती पायरीवर त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला आणि नीट पाहिलं.

"हो बाबा. करंगळीचं."

"तरी मी म्हणत होतो," बाबा मला म्हणाले, "सगळ्याचं पीठ कसं होईल?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, मागच्या वर्षापासून न आलेलं. डब्यातलं सगळं त्यांनी नदीत सोडलं. ते एवढंसं मात्र मुठीतच राहिलं. "अजू, अजू" म्हणत ते मूठ छातीशी धरून गुडघाभर पाण्यात उभे होते. गुरुजी दोनदा म्हणाले, "आजोबा, सोडा आता."

शेवटी मृणाल पाण्यात उतरली आणि तिने एकेक बोट उचलून त्यांची मूठ उघडली.